शून्याची रेघ

आमच्या ग्रुपात कुणालाच नाव नव्हतं. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी सातारा. माझ्या फोनमध्ये अजून तसंच आहे सगळं: पाचगणी, खंडाळा, माधवनगर, जत, खानापूर, आटपाडी. रोज सकाळी आठ वाजता आपापल्या अंगणातला पाऊस मोजायचा आणि मिलिमीटरमध्ये आकडा टाकायचा, एवढंच त्या ग्रुपचं काम. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून हिनं हा उद्योग काढला, असं आमचे हे सगळ्यांना सांगत सुटतात. "ग्रुप चालवतेस का वर्ग घेतेस?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला राग यायचा, कारण खरं होतं.

पाऊस मोजायला आमच्याकडे काही मोठं यंत्र नव्हतं. दोन लिटरची सरळ बाटली वरून कापायची, कापलेला तुकडा नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचं बूड वेडंवाकडं असतं, म्हणून तळाशी खडे घालून पट्टीच्या शून्यापर्यंत आधीच पाणी भरून ठेवायचं. पाऊस पडला की पाणी त्या रेघेच्या वर चढतं, जेवढं चढलं तेवढा पाऊस. आकडा टिपला की जास्तीचं पाणी ओतून टाकायचं आणि परत रेघेवर आणायचं. हे मी अंगणात उभं राहून, हातात छडीसारखी पट्टी धरून सगळ्यांना व्हिडिओत समजावलं होतं. ह्यांनी तो नातेवाइकांना पाठवला, ते वेगळंच.

पावसाळ्यात ग्रुपला नुसता ऊत यायचा. पाचगणी सकाळी सकाळी "१८०" टाकून मोकळी व्हायची. लगेच जत म्हणायचे, "आवं, एवढा घेऊन काय करताय, आमच्याकडं लावून द्या की थोडा." खंडाळा कुरकुरे, त्यांना दहा पडला तरी कमी आणि पन्नास पडला तरी कमीच. माधवनगर म्हणजे कापडगिरणीतून सुटलेले गृहस्थ, लय मिश्कील. "१२. धोतर वाळंना झालंय, म्याडम," असं लिहायचे. ह्या माणसांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण सकाळचा चहा त्यांच्याबरोबर व्हायचा. मला ती सगळी आवडत होती. हे त्यांना कधी सांगितलं नाही, तेवढी अक्कल नव्हती.

आटपाडी म्हणजे खरं तर आटपाडीच्याही पुढची एक वस्ती. गृहस्थ जन्मभर मेंढरांमागं चाललेले. पाऊस जिकडं, तिकडं कळप घेऊन जायचं. पार घाट उतरून खाली जायचं आणि परत यायचं. मग गुडघे गेले, मेंढरं भावाकडं दिली आणि हे घरी बसले. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. "जन्मभर पावसाच्या मागं पळालो म्याडम, आता बसल्या जागी मोजतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. त्यांचा आकडा बाराही महिने बहुधा एकच. पण नुसतं शून्य कधी नाही. "शून्य. आभाळ आलं, वाकून बघितलं, गेलं." "शून्य. वारं सुटलंय, मेंढरं असती तर उठवली असती."

एकदा उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, "बाटलीतलं पानी उनानं आटून रेघंच्या खाली गेलंय. उणे लिहू का?" ग्रुप दोन दिवस हसत होता. माधवनगर म्हणाले, "आटपाडीनं पाऊस उसना दिलाय वरच्याला." मीही हसले आणि मग बाईंसारखं उत्तर दिलं: पाऊस उणे नसतो. रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन जायचं, पाणी रेघेवर आणायचं आणि मग शून्य टाकायचं. "बरं म्याडम," असं त्यांचं उत्तर आलं.

पुढं ग्रुपात फुलांचे फोटो, देवांचे फोटो, कुणाकुणाच्या नातवांचे वाढदिवस सुरू झाले. माझं डोकं फिरलं. मी नियम काढले. फक्त आकडा टाकायचा. तीन दिवस आकडा आला नाही, तर नाव काढणार. न बघता खोटा आकडा टाकला, तर त्याच दिवशी काढणार. सगळे गप बसले. आटपाडीनं मात्र दुसऱ्या दिवशी सवयीनं लिहिलं, "शून्य. आभाळ नुसतं धुवून ठेवल्यालं." मी लगेच सर्वांसमोर: "आटपाडी, वर्णन नको. आकडा." पुन्हा "बरं म्याडम." त्यानंतर त्यांच्याकडून रोज फक्त 0 येऊ लागलं.

आता मागं वळून बघते तेव्हा कळतं, त्या दिवशी मी त्यांचं तोंडच बंद केलं. त्यांच्या दोन शब्दांवरून माणूस बरा आहे का नाही, एवढं तरी कळलं असतं. नुसत्या शून्यावरून काय कळणार?

परतीचा पाऊस आला. तिकडच्या भागाला पाऊस म्हणजे हाच. एके दिवशी आजूबाजूचे सगळे वीस-पंचवीस सांगत होते, आटपाडी 0. पाऊस कधी कधी एक वस्ती सोडून जातो, म्हणून मी गप बसले. दोन दिवसांनी परत तसंच. मग तो दिवस उजाडला. जत एकाहत्तर. खानापूर बासष्ट. ओढ्यांना पाणी, रस्ता बंद, फोटोवर फोटो. आणि आठच्या ठोक्याला आटपाडी, 0.

ग्रुपात हशा पिकला. "बाटलीवर छत्री धरली काय?" "झोपंतनंच टाकलाय आकडा!" माधवनगरनं लिहिलं, "गड्या, बाटली उपडी हाय का बघ." मला मात्र हसू आलं नाही. मला संताप आला. ह्या माणसाला काल काय, परवा काय, बाहेर जाऊन बघायचा कंटाळा! मी लिहिलं: "आटपाडी, तुम्ही बाटलीकडे न बघता रोज शून्य टाकत आहात. इथे खोटेपणाला जागा नाही." आणि नाव काढून टाकलं. काहींनी शाबासकीचे अंगठे टाकले. मी उठले आणि भाजी चिरायला बसले. काय माझा रुबाब!

महिन्याभरानं माधवनगरचा फोन आला. आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. मेव्हण्याबरोबर बकरं बघायला आटपाडीच्या बाजाराला गेले होते, तिथं फोन नंबर दाखवून सहज चौकशी केली. "म्याडम, आपले आटपाडी वारले. आपण काढलं ना, त्यानंतर नऊ दिवसांनी. लय दिवस अंथरुणावर होते म्हणं."

"अंथरुणावर होते, तर आकडा कोण टाकत होतं?" मी विचारलं.

"ते मला बी कळंना झालंय," ते म्हणाले.

माधवनगर आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. मी एस.टी.नं विट्यापर्यंत आणि पुढं माधवनगरच्या मेव्हण्याच्या गाडीतून. चार वर्षांची ओळख आणि माधवनगरला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बारीक, वाकलेले, कानावर बिडी अडकवलेले. मी त्यांना नाव विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही.

वस्तीवर पत्र्याची दोन खणांची खोली. बाहेर एका खांबाला तारेनं बांधलेली आमची बाटली. पाणी बरोबर शून्याच्या रेघेवर. त्यांच्या मालकीणबाई पासष्टीच्या असतील, अंगानं काटकुळ्या. मी "सातारा" म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं म्याडम, तुमी व्हय! तुमचं रोज नाव निघायचं. बसा, बसा."

मग त्यांनी सांगितलं, ते असं. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले तेव्हा मालकांचे हात चालत नव्हते, थरथरायचे. पण सकाळ झाली की एकच घोर, आकडा. "तीन दिस चुकलं तर नाव कटतंय, म्हनायचे. मंग त्येंनी मला शिकीवलं. गुरूपचं छत्रीचं चित्र हाय न्हवं, त्ये दाबायचं. मंग वरच्या वळीतलं शेवटचं, अंड्यावानी, त्ये दाबायचं. मंग बाण. मला लिवाय-वाचाय येत न्हाई, पर येवढं मी चुकवलं न्हाई एक बी दिस."

"आणि बाटली?" मी विचारलं.

"त्ये रोज करायचे तसंच करायची की. पानी रेघंवर आणायचं आन मंग दाबायचं. कमी असलं तर घालायचं, जास्त असलं तर वतायचं. त्ये म्हनायचे, म्याडमनी तसं सांगितलंय."

माधवनगरनं मान खाली घातली. मीच सांगितलं होतं. रेघेवर आणा आणि शून्य टाका. त्या बाईनं वर्षानुवर्षं नवऱ्याला तेवढंच करताना बघितलं होतं. रेघ राखणं म्हणजेच पाऊस मोजणं, असं तिला वाटलं, आणि वाटणारच.

"त्या दिशी पाऊस लय झाला बघा," त्या सांगत होत्या. "पत्र्यावर नुसता धडधडाट. त्ये पडल्या पडल्या ऐकत हुते. म्हनाले, आज आकडा लय मोठा हाय गं, नीट टाक. मी जाऊन बघितलं, बाटलीत पानी पार वर चढल्यालं. वतून वतून रेघंवर आणली आन टाकलं. 'टाकला का?' 'टाकला.' लय दिसांनी हासले. म्हनाले, थोड्या येळानं फोन दे, काय म्हनत्यात समदी बघतो."

पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

"दिला मी फोन. बराच येळ बघत हुते. मंग उपडा ठिवला छातीवर. मी इचारलं, काय म्हनत्यात? तर म्हनाले, लय खूस हायत समदी. दुसऱ्या दिशी मी टाकाय गेले, तर जाईना. त्येंना सांगितलं. म्हनाले, ऱ्हाऊ दे, पावसाळा सपला, गुरूप बंद केला म्याडमनी." पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "म्याडम, खरंच बंद केलाता का? का माज्या हातनं काय बिघाडलं? माज्यापायी त्येंचं नाव कटलं का? त्येंनी मंग इचारलंच न्हाई बघा, टाकला का म्हनून. नऊ दिस, पार जाईपतुर न्हाई. त्येच माज्या मनाला लागलंय."

आयुष्यभर पोरांना खोटं बोललात तर हातावर पट्टी मिळेल म्हणणारी मी. माधवनगर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुमच्या हातून काही बिघडलं नाही. बंदच होता ग्रुप. मीच बंद केला होता."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "तरी बाई म्हनलं," म्हणाल्या. "त्ये कवा खोटं बोलले न्हाईत माज्याशी."

मग त्यांनी विचारलं, ग्रुप परत चालू झाला असेल तर त्यांना घेता का. ते नाहीत, पण आकडा चुकायला नको. मी तिथंच बसून त्यांचं नाव परत घातलं. त्या उठल्या, तांब्या घेतला, बाटलीत चार थेंब घातले, डोळा बारीक करून रेघ बघितली आणि आत येऊन छत्रीचं चित्र दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. आभाळ कोरडं होतं. शून्य बरोबर होतं.

निघताना दुखवट्याच्या घरी "येते" म्हणायचं नसतं. मी चपला घातल्या आणि तशीच चालू लागले. गाडीत माधवनगर रडले. मला रडू आलं नाही. ते घरी येऊन आलं, ह्यांच्यासमोर, भाजी चिरताना. ह्यांनी त्या दिवशी काही चेष्टा केली नाही.

ग्रुपातले नियम मी काढून टाकले. आता कुणी काही लिहितं. पण आटपाडीच्या शून्याबद्दल कुणी एक अक्षर काढत नाही. माधवनगरनं एकेकाला फोन करून सांगितलंय. गेल्या आठवड्यात तिकडं अवकाळी झाला. जत चोवीस, खानापूर एकोणतीस, आटपाडी 0. खाली नमस्काराचे हात उमटले, बस.

"एवढी मास्तरीण तू," हे म्हणाले, "तिला आकडे शिकव की. दहा तर आकडे."

एक दुपार पुरे मला. ह्याहून अडाणी पोरांना शिकवलंय. पण ग्रुपातून काढलं म्हणून तिच्या फोनमधलं जुनं काही पुसलं जात नाही. त्या दिवशीचं सगळं तिथंच आहे. जतचे एकाहत्तर, खानापूरचे बासष्ट आणि त्यांच्या खाली तिचं ते अंड्यासारखं. आकडे आले की एखाद्या रिकाम्या दुपारी ती बोटानं वर सरकवत जाईल, आणि तिला कळेल की नवऱ्यानं नऊ दिवस 'टाकला का' म्हणून का विचारलं नाही.

म्हणून मी शिकवत नाही. आठ वाजले की फोन हातात घेऊन बसते, शून्य यायची वाट बघत.