आईच्या दंडावरचं बटण

आईला डायबेटीस आहे हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाकुर्लीच्या तिच्या सोसायटीत हळदीकुंकू असो की बारसं, समोर आलेला पेढा ती हसत तोंडात टाकायची. नको म्हटलं की बायका "का हो?" विचारणार, आणि तेच तिला नको असायचं.

साखर फारच वरखाली व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी दंडाला चिकटवायचा सेन्सर सुचवला. नाण्याएवढी पांढरी चकती, सारखं बोट टोचायला नको, आकडा थेट मोबाईलवर. मी खोपटच्या माझ्या ऑफिसातून रजा काढून गेलेले. व्हिडिओ दाखवले, डॉक्टरांचं सगळं पुन्हा समजावलं.

"दंडावर बटण लावून फिरू?" आई म्हणाली. "बाहीखालून दिसेल. मग सोसायटीभर चर्चा."

"अगं, तब्येतीपेक्षा बाही मोठी?"

"तुला नाही कळायचं."

विषय तिथेच संपला.

पुढच्याच महिन्यात खडवलीला मामेबहिणीचा साखरपुडा होता. मामी आईहून वयाने लहान, आवाजाने मोठी. नवीकोरी पैठणी, दंडात वाकी आणि वाकीच्या वर, मागच्या बाजूला, तीच पांढरी चकती! जिलब्यांचं ताट आलं तसा मामीने मोबाईल काढून पाहिला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "आत्ता नको रे, आकडा वर आहे." भर मांडवात, सगळ्यांसमोर. आई बघतच राहिली.

जेवणं झाल्यावर तिने मामीला कोपऱ्यात गाठलं. "वहिनी, दुखतं का गं?"

"मुंगी चावल्यासारखं वाटतं, ताई. मग विसरायलाच होतं."

"आणि लोक विचारतात ते?"

"विचारू देत की! मी सांगते, साखर आहे म्हणून. मग त्यातल्याच दोघी-तिघी हळूच म्हणतात, मलापण आहे."

 परत आल्यावर घराचं कुलूप उघडता उघडता आई म्हणाली, "त्या डॉक्टरांना विचार, कधी येऊ."

अट मात्र घातली. आकडा फक्त तिच्याच फोनवर दिसला पाहिजे, माझ्या नाही. "आधी सासूबाई माझ्या ताटात बघायच्या, आता तू बघणार?" मी मुकाट्याने हो म्हटलं.

सेन्सर लावून पंधरवडा उलटला असेल. दुपारी भजनी मंडळात ऐन अभंगात तिचा फोन केकाटायला लागला. साखर उतरलेली. आधी तिला वाटलं यंत्रच बिघडलं; मग हाताला कंप सुटला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. आई सरळ म्हणाली, "मला डायबेटीस आहे. काहीतरी गोड द्या पटकन." कुणीतरी धावत साखरपाणी आणलं.

संध्याकाळी फोनवर हे सगळं तिने सहलीला जाऊन आल्यासारखं सांगितलं. "अगं, पेटी वाजवणारीलाही आहे! गोळ्या पर्समध्ये लपवून ठेवते. उद्या येतेय माझं बटण बघायला." मग जरा थांबून म्हणाली, "ते तुझ्या फोनवरही दिसतं म्हणालेलीस ना? ते कसं करायचं?"

 फोनवर कुठलं बटण दाबायचं ते मी तिला एकेक करून सांगत गेले.

आता मे महिना आहे. दुपारी ऑफिसात माझ्या मोबाईलवर तिचा आकडा चढताना दिसला, म्हणून फोन लावला.

"आंबा खाल्लाय," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "एक फोड. बरं, दोन. आता ठेव फोन, जिन्यात चालायला निघालेय मी."