मी भाकर का घेत नाही

आमच्याकडे, म्हणजे नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत, लग्न झालेला पुरुष प्रभुभोजनाची भाकर घेईनासा झाला की त्याला कुणी काही विचारत नाही. विचारायची गरजच नसते. एक तर बाटली, नाहीतर भावकीतलं कोर्ट, नाहीतर बाई. चौथं कारण कुणाला सुचत नाही. भाकरीच्या तुकड्यांची थाळी बाकावरून बाकावर फिरते, तिच्यामागून द्राक्षरसाचे इवलेसे पेले येतात, आणि ज्याच्या मनात काही सलतंय तो दोन्ही तसंच शेजाऱ्याकडे देतो. मनात पाप ठेवून खाल्लं तर माणूस स्वतःवरच दंड ओढवून घेतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

मी गेली साडेपाच वर्षं ती थाळी पुढे देतोय. बाटली नाही, कोर्ट नाही, बाई तर नाहीच नाही. कारण आहे हस्तमैथुन. घ्या, लिहून टाकला शब्द. बेचाळिसाव्या वर्षी तो लिहितानासुद्धा कान गरम होतात, यावरूनच काय ते समजा.

जर्मनीत नेकारसुल्मला आलो तेव्हा एकटाच होतो. गाड्यांच्या कारखान्याला ब्रेकचे भाग पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी, एका खोलीचं घर, आणि बायको-मुलीचा व्हिसा आज येईल उद्या येईल म्हणत दीड वर्ष गेलं. मी नाकासमोर चालणारा माणूस. कामावरून घरी, घरून कामावर. रविवारी दुपारी आमची दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं एका जर्मन चर्चच्या हॉलमध्ये जमत. इथंच धर्मशास्त्र शिकायला आलेला एक तरुण पाळक उपासना घेई, मग सगळ्यांनी आणलेला पुलाव आणि रस्सा. त्या दीड वर्षात मला ती सवय लागली. कॉलेजात असताना होती, लग्नानंतर सुटली होती, परत आली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकटा पुरुष, बाहेर बर्फ, बस्स.

पण सवयीबरोबर कॉलेजातलं ते शिबिरही परत आलं. वीस वर्षांचा होतो मी. आमच्या पाळकसाहेबांनी तरुण पुरुषांना वेगळं बसवून सांगितलं होतं, की हे गुप्त पाप आहे, पवित्र आत्म्याचं मंदिर विटाळण्यासारखं आहे, आणि जो हे करून प्रभूच्या मेजाला हात लावतो तो ख्रिस्ताच्या शरीराचा अपराधी होतो. साहेब वाईट नव्हते हो. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला भर उन्हात सायकल मारत आले होते. त्यामुळेच तर त्यांचा शब्द असा आत जाऊन बसला, की निघता निघेना.

तर पुढच्या प्रभुभोजनाला मी थाळी पुढे दिली. मनात म्हटलं, एवढा महिना, पुढच्या वेळी स्वच्छ मनाने घेऊ. महिन्याचे किती महिने झाले ते काय सांगू, कप्पाळ!

मग मोठं घर घेतलं आणि बायको आली. पाच वर्षांची मुलगी, चार बॅगा, सासूबाईंनी दिलेलं लोणचं. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी प्रभुभोजन होतं. थाळी माझ्यापर्यंत आली. लबाडी करायची म्हटलं तर तीच वेळ होती. एक तुकडा तोंडात टाकला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण माझा हात पुढे जाईना. मी थाळी तशीच तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, तुकडा घेतला आणि मान खाली घातली.

तीही नगरचीच. तिचे वडील चर्चचे पंच होते. ती तीनच कारणं ओळखत होती, आणि नवरा दीड वर्ष परदेशात एकटा होता.

त्या आठवड्यात तिने एकदा विचारलं, "अहो, काही सांगायचंय का मला?" मी म्हटलं, "नाही." खरंच म्हटलं. ज्याची लाज वाटते ते सांगायला माझी जीभ रेटेना. आणि माझं 'नाही' ऐकून तिची खात्री पटली. महिनाभरात ती मुलीच्या खोलीत झोपायला लागली. कारण काय, तर मुलीला नव्या घरात भीती वाटते. मुलगी तर पहिल्या दिवसापासून डाराडूर झोपत होती.

आता गंमत बघा. हसावं की रडावं कळत नाही. बायको दुरावली म्हणून सवय सुटेना. सवय सुटेना म्हणून भाकर घेता येईना. भाकर घेत नाही म्हणून बायको आणखी दुरावली. मी इंजिनिअर माणूस. कुठला भाग कुठे अडकतो हे शोधण्याचा पगार घेतो. इथे अडकलेलं सगळं मला स्पष्ट दिसत होतं आणि एक स्क्रूसुद्धा हलवता आला नाही.

मी उपवास केले. फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपलो. पवित्र शास्त्र पुन्हा वाचून काढलं. नाव घेऊन या गोष्टीला पाप म्हणणारं एक वाक्य मला सापडलं नाही. बीज जमिनीवर सांडून भावाच्या विधवेला मूल द्यायचं टाळणाऱ्या त्या माणसाची गोष्ट आहे, पण तिथे राग आहे तो त्याच्या दगाबाजीचा. वाईट नजरेनं पाहण्याबद्दल मात्र आहे, आणि तिथे मी सुटत नव्हतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कॅथलिक. त्याला आडून आडून विचारलं तर म्हणाला, आमच्या चर्चच्या शिकवणीत अजूनही ते पापच आहे, पण मी कुणाला विचारायला गेलेलो नाही. आणि हसून कॉफी आणायला गेला. तो हसू शकतो याचाच मला राग आला.

शेवटी ज्यांच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो त्या चर्चच्या पाळकबाईंकडे गेलो. रीतसर टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ घेऊन, दुपारी चारची. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, प्रेमळ बाई. माझं मोडकंतोडकं जर्मन त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, हे पाप नाही. आमच्याकडे हे कुणी आता पाप मानत नाही. शरीर देवानेच दिलंय. तुम्ही निर्धास्तपणे भाकर घ्या."

झालं. दहा मिनिटांत निकाल. मला हायसं वाटायला हवं होतं ना? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना विचारलं, "मग मी इतकी वर्षं कशासाठी लांब बसलो?" त्या म्हणाल्या, "त्याचं मला खरंच वाईट वाटतं." त्यांनी माफ करायला काही ठेवलंच नव्हतं, आणि मला माफी हवी होती. 'तू काही केलंच नाहीस' असं म्हटल्याने माझं काय भागणार? पुढच्या महिन्यात थाळी आली तेव्हा बाईंचं बोलणं आठवलं, साहेबांचंही आठवलं. साहेबांचं मराठीत होतं. मी थाळी पुढे दिली.

या वर्षी मुलगी दहाची झाली. एका रविवारी हॉलमधून निघताना तिने सगळ्यांसमोर जर्मनमध्ये विचारलं, "पापा, तू कधीच का खात नाहीस?" सगळे एकदम चपला-बुटांकडे बघायला लागले. पुलावाचं पातेलं धरून उभी असलेली बायको म्हणाली, "पापांना विचारू नकोस. ते सांगत नाहीत." मला वाटलं, बास, आता बास.

आणि लगेच पुढच्याच शनिवारी बायकोनेच विषय काढला. सकाळची वेळ, मुलगी पोहायला गेलेली. बायको भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "शाळेचं वर्ष संपलं की मी तिला घेऊन नगरला जातेय. तिकडच्या शाळेशी बोलून झालंय. मला भांडायचं नाही. जाण्याआधी एकदाच सांगा, कोण होती ती?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो शब्द नीट मराठीत उच्चारला, आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने. एकटेपणा, शिबिर, साहेब, पाळकबाई, एकही गोष्ट लपवून ठेवली नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं. तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, उठून जवळ येईल.

ती म्हणाली, "अहो, पुरे झालं. एवढ्यासाठी कुणी साडेपाच वर्षं प्रभूच्या मेजापासून लांब राहतं का? आपल्या चर्चमधले निम्मे पुरुष मग बाहेरच बसले असते. खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोला."

"खरं सांगतोय गं. शपथेवर सांगतो."

"शपथ घेऊ नका." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एक सांगू? मी त्या पहिल्या रविवारीच ठरवलं होतं. तुम्ही तिचं नाव घेतलं असतं ना, तर मी माफ केलं असतं. दोन दिवस रडले असते आणि माफ केलं असतं. अजूनही करीन. पण नाव घ्या."

ती माझ्याकडे बघत थांबली. खरंच थांबली. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. आणि मी, ज्याला साडेपाच वर्षांत भाकरीच्या एका तुकड्यापुरतीसुद्धा लबाडी जमली नाही, तो तिथे खुर्चीत बसून मनातल्या मनात एखाद्या बाईचं नाव शोधायला लागलो. ऑफिसमधली, बेकरीतली, कुठलीही. एकही आठवेना.