दादाला पाठवलेली कॅसेट

तेव्हा मी रत्नागिरीत लग्नांचं शूटिंग करायचो. खांद्यावर घ्यायचा जड व्हीएचएस कॅमेरा, एक हॅलोजन आणि घरी मिक्सिंगला दोन व्हीसीआर, एवढाच माझा पसारा. बंदरात नाव होतं ते माझ्या वडिलांचं. मिरकरवाड्यातल्या मासेमारीच्या लाँचची इंजिनं ते दुरुस्त करायचे. आत येणाऱ्या लाँचचा आवाज धक्क्यावरूनच ऐकून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात, लाँच समुद्रात जायच्या आधीच्या गडबडीत, लाँच चालवणाऱ्या एका तांडेलाने मला निरोप पाठवला की येऊन वडिलांना घरी ने. मला वाटलं चक्कर आली असेल. जाऊन बघतो तर ते गोणपाटावर बसलेले आणि पुढ्यात इंजिनाचे सगळे सुटे भाग. इंजिन त्यांनी खोललं होतं, पण परत जोडता येत नव्हतं. सकाळपासून ते तसेच बसून होते. मला बघून म्हणाले, "यातलं कायतरी कोणीतरी नेलंय."

कोणी काही नेलं नव्हतं. तांडेल भला माणूस. त्याने दुसऱ्याकडून इंजिन जोडून घेतलं आणि बंदरात कुठे बोलला नाही.

पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा, म्हणाले. आईने मान डोलावली आणि परतीच्या एसटीत वडिलांच्या शर्टाची बाही हातात धरून बसली.

माझा थोरला भाऊ मस्कतला होता. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. फोनवर वडील ठणठणीत. बरा आहेस ना, जेवलास का, ऊन फार असेल तिकडे, सांभाळून राहा. तेवढ्या बोलण्याला काही आठवावं लागत नाही. त्यामुळे दादाला आमचं पटेना. तुम्ही दोघांनी त्यांना घरात बसवून आजारी केलंत, बंदरावर जाऊ द्या त्यांना, असं त्याचं म्हणणं. एकदा तर तो आईला म्हणाला की तू पहिल्यापासूनच त्यांना कमी लेखतेस. आईने फोन ठेवला. दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही.

मग मी ठरवलं की दादाला सांगत बसण्यापेक्षा दाखवावं.

पहिला प्रयत्न फुकट गेला. आईने वडिलांना आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला आणि खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्यासमोर ते पाहुण्यासमोर बसावं तसे बसले. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हसून "हो, हो, चाललंय" म्हणाले. ती कॅसेट दादाने बघितली असती तर त्याने मलाच वेड्यात काढलं असतं. मी आईला म्हटलं, जसे आहेत तसे दिसू देत. आई म्हणाली, "लोकांसमोर ते कधी चुरगळलेल्या शर्टात गेले नाहीत. तू तसं दाखवणार?" 

दुसऱ्या खेपेला तिला सांगूनच मी मागच्या पडवीत स्टँडवर कॅमेरा लावला. वडील चटईवर बसून त्यांचं रोजचं काम करत होते. आईने त्यांना नट-बोल्टांचा एक पत्र्याचा डबा दिला होता. सकाळभर ते प्रत्येक बोल्टला त्याचा नट शोधून बसवायचे. बोटं अजून विसरली नव्हती. मी शूटिंग सुरू केलं आणि तेवढ्यात मारुती मंदिराकडून एक गिऱ्हाईक आलं, त्याच्यासोबत लग्नाचा हॉल बघायला गेलो. कॅमेरा बंद करायचा राहिला.

संध्याकाळी मी ती कॅसेट लावून बसलो. तासभर वडील काम करताना दिसले. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. आतून आईचा आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मूठभर नट शिजत्या डाळीत टाकले होते. "किती वेळा सांगू? किती वेळा सांगायचं मी?" ती पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती. वडील दारात येऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, खाली मान घालून. थोड्या वेळाने ती बाहेर आली, तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना जेवायला आत नेलं.

नंतर बराच वेळ रिकामी चटई. मी फॉरवर्ड करणार होतो. इतक्यात आई पडवीत आली आणि डबा घेऊन खाली बसली. वडील झोपले असावेत. तिने एक बोल्ट उचलला, नट सोडवला, दोन्ही डब्यात टाकले. मग दुसरा. काही घट्ट बसलेले होते, ते तिने पदरात धरून फिरवले. सगळा डबा तिने तसा सोडवला, हलवून मिसळला आणि परत जागेवर ठेवला. वडिलांना दुसऱ्या दिवशी काम उरावं म्हणून.

डबा रोज सकाळी सुटा कसा होतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लग्नसराईत मी दिवसदिवस बाहेर असायचो. तिचं ओरडणं मला माहीत नव्हतं, आणि हेही नव्हतं.

तिला न विचारता ते वापरणं बरं वाटेना, म्हणून तिला टीव्हीसमोर बसवून सगळं दाखवलं.  स्वतःचा आवाज ऐकून ती हळूच म्हणाली, "एवढ्या मोठ्याने ओरडते मी त्यांच्यावर?"

मी म्हटलं, तेवढं काढून टाकतो, दादाला कळणारही नाही.

"काढू नकोस," ती म्हणाली. "ओरडणं काढलंस तर त्याला काहीच कळायचं नाही."

मी अकरा मिनिटांची फिल्म जोडली. गाणं नाही, एरवी लग्नात घालतो तसली बदामाची डिझाइनं नाहीत. मस्कतला निघालेल्या शेजाऱ्यांच्या जावयाबरोबर कॅसेट पाठवली.

पुढच्या शुक्रवारी दादाचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला. तो आईशीच बोलला. मी बाजूला उभा होतो, त्यामुळे त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, मी तुला काय काय बोललो," तो म्हणाला.

"बोललास," आई म्हणाली. "आता ये."

तो सव्वा महिन्याच्या रजेवर आला. वडिलांनी त्याला ओळखलं नाही. कुठल्या लाँचवरचा, असं विचारलं. मी तुमचा मुलगा, असं दादा सांगायला गेला, पण आईने मानेने नको म्हटलं. मग तो म्हणाला, "काम शिकायला आलोय."

कामाच्या वयात आल्यावर याच कामावरून त्याचं आणि वडिलांचं बिनसलं होतं. इंजिनाच्या तेलात हात घालायचे नाहीत म्हणून तो परदेशी गेला होता. वडील चटईवर जरा सरकले. "बस. आधी पाना धरायला शीक," म्हणाले. रजा संपेपर्यंत दादा रोज सकाळी त्यांच्याशेजारी बसला, आणि दुपारी आईला उठू न देता डबा स्वतः सोडवत राहिला. निघायच्या दिवशी वडिलांनी त्याला सांगितलं की हात बरा आहे तुझा, पण घाई करतोस. दादा रिक्षात बसेपर्यंत रडला नाही.

वडील दोन हजार दोनमध्ये गेले, झोपेतच. त्यानंतर वर्षभराने वडिलांना बघणाऱ्या रत्नागिरीच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या घरच्यांना बोलावून एका छोट्या हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. ते तिला लघुपट म्हणत होते. आईने आधी नकार दिला, मग म्हणाली, "मी तिथे हजर असेन तरच दाखवा." वीसेक माणसं होती. फिल्म संपल्यावर लांज्याहून आलेल्या एका बाईंनी आईला विचारलं, "रोज रोज ते सोडवायचा कंटाळा नाही आला तुम्हाला?"

"आला की. रोज यायचा."

त्या बाई आईजवळ येऊन बसल्या. त्यांच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आईने विचारलं, त्या काय काम करायच्या? काजूच्या कारखान्यात होत्या, अख्खे गर आणि तुकडे वेगळे करायच्या, असं त्यांनी सांगितलं. मग तेच निवडायला द्या, आई म्हणाली.

"निवडतील कुठल्या," त्या बाई म्हणाल्या, "खाऊन टाकतील सगळे."

आई मोकळेपणी हसली. त्या बाईही हसायला लागल्या. मी वायरी गुंडाळल्या, टीव्ही गाडीत ठेवून आलो, तरी दोघींचं बोलणं चालूच होतं. लांज्याच्या शेवटच्या एसटीला अजून वेळ होता, म्हणून मी घाई केली नाही.