मधूकाकांची काळी वायर

मोटरहोम, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, हलवण्याआधी मधूकाका मागे जोडलेल्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडायचे, पान्यानं बॅटरीची काळी वायर सोडवायचे, तिला जुन्या मोज्यात गुंडाळायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “झोप बाई आता!” गाडीला बाई म्हणणारा पेट्रोलियम इंजिनिअर अख्ख्या कॅल्गरीत मी दुसरा पाहिला नाही.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. छोटी गाडी चारही चाकांवर ओढत न्यायची, तर तिची किल्ली फिरवलेलीच ठेवावी लागते, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं; आणि किल्ली तशी राहिली की बॅटरी हळूहळू उतरते. म्हणून वायर काढायची. एवढीशी गोष्ट काकांनी मला वीसदा तरी समजावली असेल. “तुम्ही पुण्याचे लोक समजलं समजलं म्हणता, अन् करत काहीच नाही बाप्पा!” चाळीस वर्षं कॅनडात काढूनही नागपूर त्यांच्या जिभेवरून उतरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात काका दोनदा नळ सुरू ठेवून विसरले. माझी गादी भिजली, त्याचं काही नाही. पण त्यांच्या मुलानं, राहुलनं, धसकाच घेतला. “बाबा, आणखी एकदा असं काही झालं, तर मोटरहोम विकायची.” काका हो म्हणाले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेलं ते एकच खेळणं होतं त्यांचं.

जुलैत आम्ही निघालो. काका, काकू आणि मी मोटरहोममध्ये. राहुल आपल्या गाडीनं थेट तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर येणार होता. वाटेत पिठलं-भात झाला आणि काकांनी वामकुक्षी घेतली. त्या वीस मिनिटांत त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात काकूंना चहाबरोबर चिवडा हवासा वाटला, आणि डबा नेमका छोट्या गाडीच्या डिकीत. डिकीचं कुलूप गंजलेलं. ती आतल्या बटणावरच उघडायची, म्हणजे बॅटरी जोडायला हवी. कशाला म्हाताऱ्याची झोप मोडा, असं म्हणत मी गुपचूप वायर लावली, डबा काढला, बॉनेट बंद केलं आणि चिवडा खात बसलो. वायर पुन्हा काढायची, हे डोक्यातून साफ गेलं!

पाच तासांनी पोचलो. काकांनी बॉनेट उघडलं, तर वायर जागच्या जागी. किल्ली फिरवून पाहिली. गाडी हूं की चूं करेना. राहुल शेजारीच उभा होता. “बाबा, दॅट्स इट,” तो हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

काका त्या वायरकडे बघत राहिले. “सकाळी काढली होती मी,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात, “काढली होती ना रे?”

खरं सांगतो, क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. राहुलसमोर माझी शोभा झाली असती, आणि घरमालकाची गाडी बंद पाडलेली. पण तो चेहरा बघवेना.

“काढली होती काका. मीच परत लावली, चिवड्यासाठी. आणि विसरलो.”

मला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. राहुल आपल्या गाडीतून जंपर केबल आणायला गेला. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

“म्हणजे मी नाही विसरलो?”

“नाही काका.”

“पुन्हा सांग. जरा मोठ्यानं सांग बाप्पा, काकूला ऐकू जाऊ दे!”

मी ओरडून सांगितलं. शेजारच्या तंबूतलं गोरं कुटुंब वळून बघायला लागलं, आणि काका डोळे पुसत हसत सुटले.

त्यानंतर त्यांनी आणखी चार उन्हाळे मोटरहोम चालवली. पाचव्या वर्षी, कुणीही न सांगता, एके सकाळी चहा पिता पिता त्यांनी स्वतःच तिची किल्ली राहुलच्या हातात ठेवली.