मागे बघ!

कोल्ह्या तलवारीत यथातथाच, पण लबाडीत सगळ्यांचा बाप. ऐन झुंजीत तो ओरडायचा, “अरे, मागे बघ!” समोरचा वळला की संपलाच. एकाच उस्तादाचे अकरा चेले त्याने असे ठार केले.

बहीण कपाळाला हात लावायची. “दादा, तलवार शिक रे. हे तोंड किती दिवस पुरणार?” तो हसण्यावारी न्यायचा.

बाराव्या झुंजीला खुद्द उस्ताद आला, म्हातारा, आंधळा. सवयीने कोल्ह्या ओरडला, “मागे बघ!”

“माझ्यामागे भिंत आहे,” उस्ताद कान देत म्हणाला. “तुझ्यामागे मात्र माझी अकरा पोरं आलीत. एकेकाची पावलं ओळखतो मी.”

रिकाम्या फरशीवर खरोखरच पावलं वाजली. जन्मात पहिल्यांदा कोल्ह्या वळला.

उस्तादाने तलवार म्यानातून काढलीसुद्धा नाही.