दादाच्या स्लाइड्सची पुस्तिका

दुसऱ्यांची पानं संगणकावर नीट लावता लावता तिचे डोळे आणि पाठ दोन्ही कामातून गेली होती. पण पाट्या टाकणं काही तिला जमलं नाही. मथळा केसभर खाली सरकला तरी बाईंना चैन पडत नसे, म्हणून डीटीपीच्या दुकानात सगळे तिला ‘केसभरबाई’च म्हणत.

थोरल्या भावाचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. दादा कारखान्यात नव्या कामगारांना यंत्रापासून जीव कसा सांभाळायचा ते शिकवायचा. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. साहेब म्हणाले, तुमच्या स्लाइड्सची पुस्तिका करून आणा. पोरं वाचतील, तुम्ही हाताने करून दाखवा. नोकरी टिकली तर एवढ्यावरच टिकणार होती.

स्लाइड्स पानांवर आणताना तिच्या नाकी नऊ आले. फाँट बदलला आणि निम्म्या अक्षरांचे चौकोन झाले. ठळक, तिरकं, लाल, वर सावली; दादाने एकही हौस बाकी ठेवली नव्हती. सगळं तिने पुन्हा टाइप केलं. खरी अडचण पुढेच होती.

“दादा, इथे नुसतं ‘आधी वीज बंद’ एवढंच आहे. पुढे काय?”

“पुढे मी बोलायचो ना,” तो कुजबुजला.

मग रोज संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसू लागला. कुजबुजून थकला की हातवारे करायचा: बाह्या दुमडा, कळ खाली ओढा, शेजारच्याला हाक मारा. ती त्याची वाक्यं करायची, ओळींमधलं अंतर मोकळं ठेवायची, चित्राशेजारीच त्याचा मजकूर बसवायची. अंग मोडून यायचं, तरी इतकं सुख तिला कामात कधी मिळालं नव्हतं.

तिने कारखान्यात नेऊन दिलेली पुस्तिका साहेबांनी उभ्याउभ्या चाळली, मग बसून वाचली.

“ताई, कमाल केलीत. विचारायला काही उरलंच नाही. आता शिकवायला वेगळा माणूस कशाला लागतोय?” दादाला महिनाअखेर मोकळं करतो म्हणाले, आणि ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात बाकीच्या शिकवणाऱ्यांच्या स्लाइड्स होत्या. “यांचंही असंच करून द्या.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार ओळी गचाळ ठेवल्या असत्या तर, असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला. पेन ड्राइव्ह टेबलावरच सोडून ती उठली.

इस्त्रीचा शर्ट घालून दादा फाटकाशी उभा होता.

“आवडली त्यांना?”

“फार आवडली,” ती म्हणाली. त्याचा चेहरा फुलला, आणि पुढचं वाक्य तिला काही करता येईना.