मावशींनी कामाला लावलेला इन्स्पेक्टर

मी न्यू जर्सीतल्या एका गावाच्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर आहे. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची, फ्रिजमधल्या पदार्थांत थर्मामीटर खुपसायचा, सिंकखाली वाकून झुरळं शोधायची, हे माझं काम. नागपूरची एवढी शिकलेली पोरगी अमेरिकेत येऊन दुसऱ्यांच्या मोऱ्या बघते, असं आमच्यातले एक काका माझ्यासमोरच म्हणाले होते.

पण एप्रिलमधली जयंती जवळ आली की सगळ्यांना माझी आठवण होते. एका वर्षी कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल घेतला होता. जेवण आम्हीच रांधणार होतो, म्हणजे परवाना आला आणि तपासणीही आली. स्वयंपाकाची सूत्रं मुलाकडे राहायला आलेल्या एका मावशींकडे होती. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र खणखणीत.

"इन्स्पेक्टर आपल्या घरचीच आहे, मग कशाला घाबरायचं?" त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

"मावशी, आपलाच कार्यक्रम मला तपासता येत नाही," मी म्हटलं. "ऑफिसातून दुसरं कुणीतरी येईल."

मावशींचा चेहरा उतरला. मग मी त्यांच्याकडून सगळं घोकून घेतलं. हात धुवायचे, केस झाकायचे, हातमोजे घालायचे, गरम ते गरमच राहिलं पाहिजे आणि थंड ते थंडच. "हातमोजे घालून कणकेचा अंदाज कसा यायचा?" अशी कुरकुर करत का होईना, त्या शिकल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मनाई होती. मी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. वाढायच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. माझा सहकारी आला. उंच, टकला, इतका सौम्य की झुरळाचीही माफी मागेल. त्याचा बिल्ला कोटाखाली झाकलेला. तो तोंड उघडायच्या आत मावशींनी त्याला शाळेचा शिपाई ठरवून टाकलं.

"कम, कम. फर्स्ट हँड्स."

त्याने निमूटपणे हात धुतले.

"नो, नो. मोअर सोप."

त्याने पुन्हा धुतले. मावशींनी त्याच्या टकलावर जाळीची टोपी चढवली, हातमोजे दिले आणि कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ठेवली. मी खिडकीतून खुणा करत होते. मावशींनी मला हातानेच हाकललं.

त्याने अख्खी जुडी चिरली. मग कोट काढला, बिल्ला दाखवला आणि खिशातून थर्मामीटर काढला. मावशींनी बिल्ल्याकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं.

"जाड चिरलीय," असं मराठीत पुटपुटत त्या बाजूला झाल्या.

वरण पास झालं, भात पास झाला. काकडीची कोशिंबीर मात्र कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून उन्हातून आली होती. त्याने खरंच माफी मागितली आणि ती टाकून द्यायला सांगितलं. मावशींनी मला खिडकीशी बोलावलं.

"त्याला सांग, दही ताजं आहे. कालच लावलंय."

मी सांगितलं. तो म्हणाला, "ताजं असेल, पण गरम झालंय."

मावशींनी पातेल्याला हात लावून पाहिला. "झालंय खरं," त्या म्हणाल्या, आणि भलंमोठं पातेलं त्यांनी स्वतःच कचऱ्यात उपडं केलं.

जेवणाच्या वेळी आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी माइकवर जाहीर केलं की कोशिंबीर ट्रॅफिकमध्ये अडकली आहे. मावशींनी माइक मागून घेतला. "अडकली नाही. मी टाकली. इथे लेकरं जेवणार आहेत."

सहकारी न जेवताच निघाला, हे मात्र त्यांना सहन होईना. तपासणीला गेलेल्या ठिकाणी आम्हाला चहासुद्धा चालत नाही, हे मी समजावून सांगितलं.

"मग पुढच्या वर्षी त्याला पाहुणा म्हणून बोलव," त्या म्हणाल्या. "तपासायला दुसरं कुणी पाठव."

मी बोलावलं. तो बायकोला घेऊन आला, पहिल्या रांगेत बसला, न कळणारी सगळी भाषणं लक्ष देऊन ऐकली, आणि वरण दोनदा मागून घेतलं.